कालच्या भाकरीचा रिव्ह्यू

भिलाईत, पावर हाउस भागातल्या बाजारामागच्या गल्लीत मी सहा टेबलांचं जेवणघर उघडलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोबाइलवरच्या नकाशात त्याला अठ्ठावीस रिव्ह्यू मिळाले. सगळे पाच स्टारचे. लिहिणाऱ्यांपैकी एकानंही माझ्याकडे घोटभर पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. गोंदियाचा भाऊ, नागपूरच्या दोन नणंदा, त्यांच्या शेजारणी, भावाच्या ऑफिसातली माणसं, असा सगळा गोतावळा होता, आणि मीच फोन करकरून त्यांना लिहायला लावलं होतं. मोठ्या नणंदेनं लिहिलं, ‘घरचे लोक फार चांगले, मालकीणबाई मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष.’ माझ्या लग्नाला वीस वर्षं झालेली, पण वाचणाऱ्याला वाटावं की स्थळ सुचवलंय. भावानं आमच्या एसीचं कौतुक केलं. आमच्याकडे दोन पंखे होते आणि त्यातला एक खडखडायचा. एक कुटुंब खास एसीसाठी म्हणून आलं आणि ताक पिऊन निघून गेलं.

हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी खोट्या रिव्ह्यूंच्या नावानं बोटं मोडणार आहे आणि तेव्हा कोणी मला आरसा दाखवायला नको.

जेवण मात्र माझं खरं होतं. पाटवडी रस्सा, झुणका, वडाभात, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. भिलाईत सगळ्या प्रांतांची माणसं राहतात, आणि बाहेर जेवायचं म्हटलं की सगळ्यांना डोसा नाही तर पनीर सुचतं. त्यामुळे टेबलं भरायची नाहीत. दिवाळीपर्यंत बघू, नाही तर शटर ओढू, असं घरात ठरलं होतं. अशात जवळच्याच रसमड्याच्या एका कारखान्याचे कँटीन बघणारे साहेब जेवून गेले. रस्सा ओरपून झाल्यावर म्हणाले, “रोजचे साठ डबे द्याल का?” मी तर त्याच क्षणी हो म्हणाले. ते म्हणाले, “मला पसंत आहे. पण महिन्याभरानं तुमचं नाव मंजुरीला वर जाईल, आणि आमचे मोठे साहेब जेवून बघत नाहीत, मोबाइल बघतात.”

साठ डबे मिळाले तर दुकान वाचणार होतं. इतका साधा हिशेब.

आणि त्याच आठवड्यात एकेक स्टार बरसायला लागले. दोन दिवसांत नऊ. ‘पनीर में कॉकरोच निकला.’ ‘बिर्याणी बासी थी.’ माझ्या स्वयंपाकघरानं पनीर कधी पाहिलं नव्हतं, बिर्याणीचं तर नाव काढू नका. माझं डोकं असं फिरलं की हातातला झारा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. तशीच एका हातानं उत्तरं लिहायला बसले. एकाला लिहिलं, ‘पनीर आमच्याकडे मिळत नाही, तुझ्या डोक्यात मात्र भरलेलं दिसतं.’ दुसऱ्याला लिहिलं, ‘पत्ता पाठव, घरी येऊन वाढते.’ या उत्तराचा फोटो संध्याकाळपर्यंत अख्ख्या टाउनशिपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. दुसऱ्या दिवशी तीन पोरी खास भांडकुदळ मालकीण बघायला आल्या आणि माझ्याबरोबर सेल्फी काढून गेल्या. जेवल्या नाहीत.

शंका मला समोरच्या नव्या हॉटेलवर होती. रोज सकाळी शटर उघडताना मी त्या बाजूला एकदा डोळे वटारून बघायचे. पण खरं सांगायचं तर ते नऊ जण कोण होते, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, इथल्या स्टील प्लांटच्या कँटीनमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. हजारो लोकांना तीन शिफ्टमध्ये जेवू घातलेला माणूस. माझी उत्तरं वाचून त्यांनी चष्मा काढला.

“हे काय लिहून राहिली तू? असं भांडाले जाशील तर वाचणारा त्यालेच खरा समजन.”

“मग काय करू? ओवाळू का त्यांना?”

“आमच्या कँटीनमंदी तक्रारीचं रजिस्टर राहे, सुतळीनं बांधलेलं. तारीख, शिफ्ट, काउंटर, काय खाल्लं, सही. ज्यानं जेवण केलं त्याले पाचही रकाने भरता येते. ज्याले नुसतं बदनाम कराचं हाय तो दुसऱ्याच रकान्यावर अटकते. तू फोन दे इकडे.”

त्या दिवसापासून फोन त्यांच्याकडे गेला. सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि मग रिव्ह्यू. सगळ्यांना एकच उत्तर, एका बोटानं टाइप केलेलं: ‘महोदय, तक्रारीबद्दल आभार. आपण कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या टेबलावर बसून काय खाल्लं ते कृपया कळवावे. चूक आमची असल्यास दुरुस्त करू. पनीर व बिर्याणी आमच्याकडे बनत नाही.’ खाली हिंदीतही तेच. आठ दिवस वाट बघायची आणि उत्तर आलं नाही की नकाशावाल्या कंपनीला कळवायचं, सोबत मेनूचा फोटो. घरात त्यांनी खरंच एक रजिस्टर घातलं आणि पट्टीनं रकाने आखले. मी मनातल्या मनात हसत होते.

मधेच एका माणसाचा फोन आला. पन्नास पाच-स्टार घाऊक भावात टाकून देतो म्हणाला. मामाजींनी त्यालाही विचारलं, “हे पन्नास जण जेवले कोणत्या दिवशी?” फोन कटला.

नऊपैकी एकानंही उत्तर दिलं नाही. तीन आठवडे होत आले आणि एका सकाळी सगळे गायब! मी आनंदानं ओरडले. मग खाली बघितलं तर माझे अठ्ठावीस नातेवाईकही गायब. कंपनीनं झाडू मारला तो सगळीकडून मारला होता.

“बरं झालं,” मामाजी म्हणाले. “तेही खोटेच होते ना.” त्या दिवशी मी त्यांना चहा दिला, पण बोलले नाही.

उरले सात, मधल्या काळात जेवून गेलेल्यांचे. सातही खरे, सगळे चांगले, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. मोठे साहेब पुढच्या बुधवारी मोबाइल बघणार होते. आणि त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, या बुधवारी, आठवा रिव्ह्यू आला. दोन स्टार. ‘भाकर कालची होती. असं पहिल्यांदाच झालं. ताईंनी सांगितलं असतं तर भात घेतला असता.’

मामाजींनी नेहमीचं उत्तर टाकलं. दुसऱ्याच दिवशी पाचही रकाने भरून आले. मंगळवार, दुपारी दीड, पंख्याखालचं टेबल, पाटवडी रस्सा आणि दोन भाकरी. सहीच्या जागी ‘आपला नेहमीचा गिऱ्हाईक’.

“पहा, हा खरा माणूस!” मामाजींना केवढा आनंद झाला. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “भाकर कालची होती काय?”

मला तो माणूस ओळखू आला होता. रेल्वेत दुर्ग लाइनवर नोकरीला असलेला, गोंदियाकडचा, मंगळवारी साप्ताहिक सुट्टी घेऊन ऑटोनं येणारा. आणि भाकर कालचीच होती. भाकरी थापणारी बाई त्या मंगळवारी आलीच नव्हती, माझे हात भरून आले होते, सोमवारच्या दहा भाकरी उरल्या होत्या. मी त्या शेकल्या, तूप लावलं आणि वाढल्या. कोणाला कळणार नाही असं वाटलं. त्याला कळलं, आणि तरी त्यानं दोन्ही संपवल्या.

“नाही,” मी म्हणाले. “हाही खोटाच आहे.”

“कावून असा खोटा लिहिन तो? त्यानं तर सगळं बरोबर सांगितलं.”

“मला काय माहीत!”

मामाजींनी रजिस्टर मिटलं. फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “मग उत्तर तूच लिही.” मी लिहिलं: ‘त्या दिवशी आपण आमच्याकडे आलाच नव्हता. कृपया खोटे रिव्ह्यू टाकू नका.’ लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, हेच मला आता जास्त खटकतं.

मंगळवारी तो आला. आता हा चारचौघांत बोलणार, उद्या बुधवार, संपलं सगळं. पण तो पंख्याखाली बसला, निमूट जेवला, हात धुऊन माझ्याकडे आला आणि खिशातून फोन काढला.

“ताई, हे माह्या पोराच्या नावानं हाय, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसन. तो मीच होतो.”

मी स्क्रीनवरचं नाव वाचलं.

“तुमचं उत्तर वाचून मले लय वाईट वाटलं. उगाच तुमचं नुकसान होऊन राहिलं माह्यामुळे. मले हे पुसता येत नाही. तुमी पुसून द्या ना.”

भाऊ, भाकर कालचीच होती. एवढंच तर म्हणायचं होतं मला. बाजूला मामाजी रुमालानं चष्मा पुसत उभे होते, नको इतका वेळ. मी त्याचा फोन घेतला. तीन टिंबं दाबली. फोननं विचारलं, नक्की काढायचा का? मी हो दाबलं.

“लय उपकार झाले,” तो म्हणाला आणि ऑटो पकडायला गेला.

साठ डबे मिळाले. शटर काही ओढावं लागलं नाही, डबे अजून रसमड्याला जातात, आणि भाकरी थापायला आता दोन बायका आहेत. मामाजींनी त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं विचारलं नाही. रिव्ह्यू बघायचं काम मात्र त्यांनी सोडलं.

तो माणूस अजूनही मंगळवारी येतो. त्याला खरं सांगायचं मी दर मंगळवारी ठरवते आणि दर मंगळवारी मला लाज वाटते, सांगण्याची आणि न सांगण्याचीही. भाकर वाढताना, त्यानं विचारलेलं नसताना, मी म्हणते, “भाऊ, आत्ताच थापलीय.”

“माहीत हाय ना, ताई,” तो म्हणतो आणि घास मोडतो.