बंदूक जमा असताना

मागच्या हिवाळ्यात, निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना, माझे मामा धुळ्याहून सावद्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत रानडुकराच्या शिकारीला आले. त्यांच्याजवळ वनखात्याची परवानगी होती, डोक्यावर खाकी हॅट होती, कमरेला काडतुसांचा पट्टा होता, आणि डोंगरातल्या पाल गावाकडचा एक वाटाड्या त्यांनी फोनवरून आधीच ठरवला होता. बंदूक नव्हती.

शिकारीविषयी मामांइतकी माहिती असलेला माणूस जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मला दुसरा भेटला नाही. त्यांनी आयुष्यात उंदीरही मारलेला नव्हता. ते अंडं खात नसत. धुळ्याच्या एका वाचनालयात ते तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि तिथली शिकारकथांची दोन कपाटं त्यांनी इतक्यांदा वाचली होती, की त्यातले प्रसंग आपल्यावरच गुदरले, असं त्यांना हळूहळू वाटू लागलं. वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. मामा त्या पाटीखाली बसत आणि सगळ्यात जास्त तेच बोलत. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या पेन्शनरला ते वाऱ्याची दिशा, बिबट्याची सवय आणि अस्वलासमोर काय करू नये हे सांगत. पेन्शनर दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर पेपर वाचू लागे. देवपुरातल्या एका बागेत ओल्या सिमेंटवर उमटलेलं पाऊल पाहून त्यांनी ‘चार वर्षांची मादी, डाव्या पंजात काटा’ असं निदान केलं होतं. काटा खरोखर निघाला. मादी वॉचमनची कुत्री होती.

बारा बोअरची ती बंदूक आजोबांकडून वारसाहक्काने आली होती. पीकसंरक्षणाचा परवाना मामांनी लॅमिनेट करून घेतला होता आणि दर रविवारी ते बंदुकीला तेल देत. पण गेल्या काही वर्षांत निवडणुका एवढ्या झाल्या, की बंदूक घरी कमी आणि पोलीस ठाण्यात जास्त राहिली. लोकसभा आली की जमा, विधानसभा आली की जमा, पालिका आली की जमा. ठाण्यातला हवालदार त्यांना विचारी, “नाना, आणली का पोरगी माहेरी?”

त्या हिवाळ्यात मात्र त्यांना शिकारीचं खरं कारण होतं. आईने ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे केळीची हिवाळी बाग, लावली होती. टिश्यूकल्चरची रोपं वीतभर झाली आणि नाल्यातून डुकरं येऊन कंद उकरू लागली. आईने मेलेल्या रोपांच्या जागी दोनदा नवी रोपं लावली. वडील गेल्यापासून शेत तीच पाहते. मी जळगावला वर्तमानपत्रात असतो. मला शेतीतलं काही येत नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिने मला फोनवर सांगितलं, “ह्या खेपी गेलं तं शेत ठेक्यानं देऊन टाकते अन जळगावले येते. तुह्या गच्चीवर तुयशीले पानी घालत बसते.” तिच्या आवाजात नेहमीची तक्रार नव्हती, म्हणून मी मामांना कळवलं. मामांनी त्याच दिवशी अर्ज केला. परवानगी आली तेव्हा बंदूक जमा होऊन तीन दिवस झाले होते.

“बंदूक कुठी हाय?” आईने दारातच विचारलं.

“जमा शे, अक्का.” धुळ्यात राहून मामांची बोली पार तिकडची झाली होती. “पावती शे मन्हाजोडे.”

“मंग डुकराले पावती दाखोशीन का?”

मामा हॅट काढून तिच्या पाया पडले आणि परवानगीची मुदत मोजकी आहे, तोवर निदान मागावर राहू, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. पुस्तकातल्या प्रत्येक शिकाऱ्याला वाटाड्या असतो, म्हणून रुमसिंग होता. तो केळीच्या बागा राखायचं काम करी आणि कमी बोले. त्याने पाच पावलं पुढे चालायचं, मामांनी मागून हाताने खुणा करायच्या, असं ठरलं. मामा खूण करत आणि लगेच तिचा अर्थ मोठ्याने सांगत.

“नाना, हात करा ना, बोलू नका,” रुमसिंग म्हणाला.

“हात कया, पन तुले समजनं का नही, हाई इचारनं पडस ना.”

वाऱ्याची दिशा पाहायला ते टाल्कम पावडरचा डबा बाळगत. मी सुट्टी काढून त्यांच्यासोबत होतो. आठ दिवस आम्ही नाल्याच्या काठच्या मचाणावर संध्याकाळी बसलो, आठही दिवस मामांनी आम्हाला शिकार या विषयावर सविस्तर सांगितलं, आणि आठही दिवस एकही डुक्कर आलं नाही. मामांच्या मते वारा फिरत होता. रुमसिंगचं मत वेगळं होतं. नवव्या दिवशी त्याने स्वच्छ सांगितलं, “आज एक शब्द नको. बोलले तर मी घरी जातो.”

मामांनी तोंडात लवंग धरली आणि ते गप्प बसले. मी त्यांना एवढा वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. दिवस मावळता मावळता नाल्यातली झुडपं हलली. आधी एक, मग तीन, मग मोजली तर अकरा. पुढचा नर वासराएवढा होता. मामांनी दोन्ही हात उचलले, डावा पुढे, उजवा खांद्याशी, आणि बंदूक असावी तसा नेम धरला. सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. नराने पहिलं रोप उखडलं, दुसरं उखडलं. बाकीची ओळीने कामाला लागली. चौथ्या रोपाला मामांचे हात खाली आले. ते उभे राहिले.

“ओ,” ते वाचनालयातल्या आवाजात म्हणाले, “हाई बाग कोनी शे, माहीत शे का तुमले? मन्ही बहीणनी शे. दोनदाव रोपं लावात तिनी.”

डुकरं वळली आणि नाल्यात गेली. मामा पुढे बराच वेळ त्यांना बोलत राहिले. रुमसिंग मचाणावरून उतरला, सात रोपं गेल्याचं मोजून आला आणि म्हणाला, “नाना, उद्यापासून तुम्ही बोला.”

परवानगीची मुदत संपली. मामा गेले नाहीत. पुढचे दोन महिने ते रोज संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून बोलत. मी रविवारी जाई. आई कामं उरकून शेजारी बसे. मामी गेल्यापासून धुळ्याच्या घरात ऐकायला कुणी नव्हतं आणि सावद्याच्या घरात बोलायला, हे मला तिथे बसल्यावर कळलं. आई त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर शंका काढी. “तो वाघ मागल्या रविवारी लंगळा होता ना रे, नाना?” मामा म्हणत, “तो दुसरा.” त्या दोन महिन्यांत डुकरं शेजारच्या बागांत गेली, आमच्या बागेत आली नाहीत.

मग मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि धुळ्याहून त्यांच्या मुलाचे फोन येऊ लागले. आईने सावद्याच्या बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणला. शेतकरी त्यात आपली आरोळी भरून तो बांधावर टांगतात. दुकानदार वाघाची डरकाळी आणि कुत्र्याचं भुंकणं फुकट भरून देत होता. आईने कोरा पेनड्राइव्ह मागितला. मामा दोन दुपार बोलले. पहिली दुपार त्यांनी स्वतःच रद्द केली, कारण त्यात अस्वलाचा प्रसंग घाईत उरकला होता. जे राहिलं त्यात मध्येच आईचा आवाज आहे, “नाना, च्या घेतो का?” आणि मामांचं उत्तर आहे, “अर्धा.” ते काढून टाकू का, असं मी विचारलं होतं. आई म्हणाली, “राहू दे. डुकराले काय समजते?”

संक्रांतीनंतर मामा धुळ्याला गेले. ऑपरेशन नीट झालं. फोनवर ते आधी भोंग्याचं विचारत, मग बागेचं, मग आईचं. वैशाखात, दुपारी जेवून आडवे झाले असताना, हृदयविकाराने ते गेले. आई धुळ्याला तेरा दिवस राहून परतली. त्या तेरा दिवसांत रुमसिंगने भोंगा एकाही संध्याकाळी चुकवला नव्हता.

गेल्या महिन्यात बाग कापून झाली. घड चांगले भरले होते. आईने शेत ठेक्याने दिलेलं नाही. पुढच्या मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या लागवडीसाठी, रोपं सांगून ठेवली आहेत. काल संध्याकाळी मी सावद्याला गेलो होतो. शेत नांगरून पडलं होतं, त्यात राखण्यासारखं काही नव्हतं. आई बांधावर खुर्ची टाकून बसली होती. भोंगा सुरू होता.