ऑनरच्या चुलीवरचा पाव

विनी रुआनचा पाव गावात नावाजलेला. पीठ, सोडा, ताक. मळायचं नाही, हलक्या हाताने गोळा करायचा. वर सुरीने क्रूस काढून गोळा बिडाच्या भांड्यात ठेवायचा आणि झाकणावरही निखारे रचायचे.

मे महिन्याच्या पहिल्या सकाळी ती उठली तर चूल गार. रात्री निखारे राखेखाली जपायचं काम मुलाचं, मॅलकीचं.

"विस्तव झाकायला सांगितला होता, मूठमाती द्यायला नव्हे," ती म्हणाली.

दहाला थॅडी गिबन्स आपल्या लेकीसाठी, डेलियासाठी, घर-शेत बघायला येणार होते. मॅलकीची चाळिशी उलटलेली, दोन स्थळं आधीच फिरलेली. पाहुण्यांपुढे पाव नाही म्हणजे झालंच. आणि नव्याने पेटवलेल्या चुलीत पुरेसे निखारे व्हायला दुपार उजाडली असती.

शेजारच्या ऑनर लाव्हेलकडे विस्तव होता. पण त्या दिवशी घरातला विस्तव बाहेर दिला की वर्षाचं लोणी त्याच्यामागे जातं, असं सगळं गाव मानायचं. विनीने तो मागितलाच नाही. कालवलेल्या गोळ्यासकट भांडंच उचलून नेलं.

"विस्तव नको, ऑनर. चुलीवर जागा दे."

"लबाड आहेस. ठेव."

पाव सुरेख फुगला. विनी तो फडक्यात गुंडाळून निघाली, तर ऑनर दारात आडवी.

"गरम आहे अजून. माझ्या चुलीची धग आहे त्यात. गार झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"अगं, पाहुणे येतायत."

"माझ्या गाईने काय घोडं मारलंय तुझं?"

विनीने पाव खाली ठेवला. ऑनरच्या जागी तीही हेच म्हणाली असती. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

"मॅलकी, त्यांना इकडेच आण," तिने हाक दिली.

ऑनरने आपलं लोणी पुढे केलं. घरातच खाल्लं तर काही जात नाही. थॅडींनी तीन काप संपवले.

"तुमचं घर हेच?" त्यांनी विचारलं.

"शेजारणीचं. पाव माझा," विनी म्हणाली. लपवण्यात अर्थ नव्हता. "आमची चूल विझली रात्री."

विझलेल्या चुलीच्या घरात मुलगी कोण देतं? मॅलकी बुटांकडे बघत राहिला. थॅडींनी बोटावरचं लोणी चाटलं.

"म्हणजे विस्तव राखायला माणूस हवंच आहे तुम्हाला. आमची डेलिया त्यात पक्की आहे." ते उठले. "चल रे, शेत दाखव."