शिखराच्या अलीकडे

सनस्क्रीनचा वास आला की मला कोलोरॅडोतला तो डोंगर आठवतो. डेन्व्हरला मित्राच्या लग्नाला गेलो होतो आणि मधल्या मोकळ्या दिवशी नवऱ्याने शिखर चढायचं ठरवलं. झाडं मागे पडली, नुसते सुटे दगड आणि बोचरा वारा उरला, तिथे विरळ हवेने माझं डोकं ठणकायला लागलं आणि उलटी झाली. "खाली जाऊ या," मी म्हटलं. तो वर बघतच म्हणाला, "इतकं जवळ आलोय यार. तू बस इथे, मी पटकन जाऊन येतो." शेवटी एका अनोळखी बाईने मला धरून खाली आणलं. संध्याकाळी गाडीपाशी पोचल्यावर त्याने आधी शिखरावरचे फोटो दाखवले आणि मग विचारलं, "खायला काही उरलंय का?" घटस्फोट का घेतलास, असं लोक आजही विचारतात. पटत नव्हतं, एवढंच मी सांगते.