वाजली का, वहिनी?

काय करता, असं कोणी विचारलं तर आमचे धाकटे भाऊजी म्हणायचे, "पोटासाठी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो आणि उरलेल्या वेळात जगाच्या शिव्या खातो." लग्न त्यांनी केलं नाही. आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. पूर्वी तिथे मामंजींचा पलंग होता, आता टेबल आहे.

अर्धांगाच्या झटक्यात मामंजींची वाचा गेली. हलायचं ते उजव्या हाताचं एक बोट. भाऊजींनी त्या बोटासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की मामंजींनी बटण दाबायचं, शब्द जुळला की यंत्र बोलायचं. बटण दाबून धरलं तर स्वयंपाकघरात बेल वाजायची. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की भाऊजी आधी ती बेल तपासत. मागून हाक यायची, "वहिनी, वाजली का?" मी भांडी घासता घासता ओरडायचे, "वाजली!"

मामंजींनी जुळवलेलं पहिलं वाक्य होतं, 'चहात साखर कमी.' सासूबाई म्हणाल्या, "बोलत नव्हते तेच बरं होतं," आणि तिथेच बसून रडल्या.

हा प्रोग्रॅम भाऊजींनी इंटरनेटवर खुला ठेवला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. कोणीही फुकट घ्यावा, आतलं लिखाण वाचावं, जमलं तर दुरुस्तही करावं. मामंजी गेले, बेल माळ्यावर गेली, प्रोग्रॅम मात्र कुठे कुठे पोचला. वापरणारे वाढत गेले. दुरुस्तीला हात लावणारे सुरुवातीला चार-पाच जण होते, तेही एकेक करून आपापल्या संसाराला लागले. उरले भाऊजी आणि तक्रारींचा ढीग.

मी तांदूळ निवडते तसे ते तक्रारी निवडायचे. प्रत्येकीला चिठ्ठी लावायची : ही चूक, ही नुसती मागणी, ही पुन्हा तीच. 'पुन्हा तीच' असेल ती जुन्या तक्रारीला जोडून बंद करायची, म्हणजे उत्तर एकाच ठिकाणी देता येतं. शिवाय एक नियमही त्यांनी यंत्राला लावून दिला होता. तीन महिने ज्या तक्रारीवर कोणी चकार शब्द काढला नाही, ती आपोआप बंद. "वहिनी, हा नियम म्हणजे रांगेतल्या माणसाला डुलकी लागली की हाकलून देणं," असं म्हणायचे, पण काढत नव्हते. एवढं उपसूनही ढीग वाढतच होता. झोप उडाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

"लष्कराच्या भाकऱ्या किती भाजशील?" एक दिवस आमचे हे चिडलेच. "एका रविवारी बस आणि सोक्षमोक्ष लाव. नाहीतर मी त्या कॉम्प्युटरची वायरच कापतो."

"काप. लोक तीही तक्रार लिहितील," भाऊजी म्हणाले. पण रविवारी बसले. संध्याकाळपर्यंत ढिगाचा तळ दिसला. बंद तक्रारींवर लोक भांडायला येतात म्हणून तिकडे कोणी काही लिहिलं की येणाऱ्या सूचनाही त्यांनी बंद करून टाकल्या. "आता माणसात आलास," ह्यांनी पाठीवर थाप मारली. आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो. भाऊजींना पोटभर जेवताना मी फार दिवसांनी बघत होते.

काही आठवड्यांनी मी चहा घेऊन गेले तर ते पडद्यासमोर उभेच होते. कोणीतरी बेलची नवीन तक्रार केली होती, आणि खाली विचारलं होतं, 'त्या बाईंना कोणी उत्तर दिलं का?'

त्या बाईंची तक्रार त्या रविवारीच बंद झाली होती. कुठल्याशा दूरच्या गावच्या. नवऱ्याचं मामंजींसारखंच, एक बोट तेवढं चालत होतं. त्यांनी लिहिलं होतं : नवी आवृत्ती घेतल्यापासून पडदा विझून झोपला की बेल वाजत नाही. भाऊजींनी 'बेल' वाचलं आणि चिठ्ठी लावली, पुन्हा तीच. जुन्या तक्रारीला जोडली. ती जुनी तक्रार नियमाने केव्हाच बंद झाली होती. बाईंना ज्या दाराशी पाठवलं त्यालाच कुलूप.

बंद तक्रारीखाली बाई लिहीत राहिल्या होत्या. 'ही ती नाही. त्यात बेलचा आवाज लहान आहे. आमची वाजतच नाही. कृपया पुन्हा बघावं.' मग, 'कोणी आहे का?' मग, 'मी आता त्यांच्या खोलीतच जेवते, झोपते. पण अंघोळीला तरी जावं लागतं.'

"बसा आधी," मी म्हटलं. ते बसले नाहीत. माळ्यावरून बेल काढायला गेले.

रजा टाकून दुपारपर्यंत त्यांनी चूक शोधली. बॅटरी वाचावी म्हणून एका भल्या माणसाने बदल सुचवला होता. त्यात पडद्याबरोबर बेलही झोपत होती. भाऊजींनी तो बदल वाचून घेतला होता, वाजवून नाही. वाजवायला बेल होती कुठे? दुरुस्ती दोन ओळींची निघाली. नवी आवृत्ती पाठवली, बाईंची माफी मागितली.

जेवायला बोलावलं तर येईनात. हे म्हणाले, "अरे, तुला कोणी पगार देतं का याचा? मग अपराध कसला?"

"दादा, बाबांची बेल वाजली नसती तर तू कोणाचा पगार कापला असतास?"

ह्यांनी भाऊजींचं ताट झाकून ठेवलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. भाऊजींनी मला वाचायला दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी लिहिलं होतं : 'आता आम्हाला गरज उरली नाही. त्या दिवशी मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. आत गेले तेव्हा त्यांचं बोट बटणावरच होतं. तुमची नवी आवृत्ती त्यांच्या यंत्रावर टाकून बघितली, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून. पडदा झोपू दिला. बेल वाजते. तक्रार मी बंद करते आहे.'

खाली खरंच शेरा होता : तक्रार करणाऱ्याने बंद केली.

त्या रविवारी मिटवलेल्या सगळ्या तक्रारी भाऊजींनी पुन्हा उघडल्या. तीन महिन्यांचा नियम काढून टाकला. ढीग होता त्याहून मोठा झाला. मी गोळी आणि पाणी टेबलावर ठेवते, एवढंच माझ्या हातात आहे. लष्कराच्या भाकऱ्यांचं नाव आता घरात कोणी काढत नाही.

बेल पुन्हा स्वयंपाकघरात लागली आहे. बदल कसलाही असो, अक्षराच्या रंगाचा असला तरी, आधी ती वाजवायची. पडदा झोपेपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ मी नळ बंद ठेवते, हे वर्तमानपत्र खाली धरतात, सासूबाई मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहतात.

"वहिनी, वाजली का?"

"वाजली!"

एवढं झाल्यावर पूर्वी आतून लगेच टाइप केल्याचा आवाज यायचा. हल्ली तो बराच वेळ येत नाही.