भरदुपारी काळोख

माझी आत्या येसूबाई आमच्या दांडी गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त बोलायची, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. तारापूरच्या बाजारात तिची पाटी खाली टेकायच्या आधी तिचा आवाज पोचलेला असे. भावावरून घासाघीस करायला आलेली बाई आपल्याच सासूची गाऱ्हाणी सांगून, वर बोंबील विकत घेऊन, हसत परत जायची. पण ही सगळी बाजारची बडबड. तिचं खरं बोलणं नवऱ्याशी, म्हणजे दामूमामांशी. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. मामा मुलखाचे अबोल, त्यामुळे दोघांच्या वाटणीचं तीच बोलायची आणि दोघांचंही पोट भरायचं.

आमच्या दांडीत तेव्हा झोप पाण्याची होती. आज भरती ज्या वेळेला, उद्या तिच्याहून थोडी उशिरा. होडी त्या मागोमाग, जेवण होडीमागोमाग, झोप जेवणामागोमाग. कधी उन्हं डोक्यावर आलेली असताना अख्खी आळी घोरत पडायची. लांबचे सोयरे नाक मुरडायचे, काय आळशी लोक! त्यांचं त्यांना लखलाभ. शिवाय एक रीत होती. पाण्यावरून येऊन झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवायचं नाही, त्याला पाणी उठवतं. हाकेनं उठलेल्याचा हात समुद्रात चुकतो, असं म्हणायचे. आत्या तर ही रीत इतकी पाळायची की मामा झोपले की आमच्या घरी येऊन बोलायची.

चौसष्ट-पासष्टच्या सुमारास मामांच्या होडीचा तळ किडला. तेव्हाच शेजारी अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं, रात्रंदिवस काँक्रीट पडत होतं. मामा एका कंत्राटदाराकडे लागले. आठवडाभर सकाळची पाळी, पुढचा आठवडा दुपारची, मग रात्रीची. पाणी रोज थोडं थोडं सरकतं, माणूस त्याच्याबरोबर सरकतो. पाळी मात्र एकदम उडी मारते. मामांचं अंग त्या उड्यांनी पार बिथरलं. अंथरुणावर पडले की डोळे टक्क उघडे, आणि कामावर उभ्या उभ्या डुलक्या. एकदा बांधकामाच्या उंच फळीवरून जाताजाता तोल गेला. मागच्या गड्यानं कमरेला धरलं म्हणून वाचले.

कंत्राटदाराच्या दवाखान्यात पेंडसे म्हणून डॉक्टर होते. परदेशी मासिकं मागवून वाचायचा त्यांना नाद. त्यांनी मामांना आणि आत्याला समोर बसवून नीट समजावलं. "माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं, आणि ते उजेड-अंधाराकडे बघून चालतं. मेंदूत एक इवलीशी गाठ आहे. काळोख झाला की ती एक रस सोडते, असं उंदरांवर प्रयोग करून दिसलंय. माणसाचं अजून नक्की कळलेलं नाही. पण तुमचं घड्याळ या पाळ्यांनी गोंधळलंय, एवढं मला दिसतंय. मी साहेबांना सांगतो, तुम्ही एकच पाळी धरा. आणि रात्रीची मिळाली तर दिवसा घरात गडद काळोख करा. कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही."

"उंदराला बायको असते का हो डाक्टर, बोलायला?" आत्यानं विचारलं. डॉक्टर हसले. पण ती काही गंमत करत नव्हती.

मामांना कायमची रात्रपाळी मिळाली. आत्यानं जुनं शीड डांबरात बुडवून खिडकीवर ठोकलं, कुडाच्या फटी शेणामातीनं लिंपल्या, दाराच्या उंबऱ्याशी गोणपाट अंथरलं. भरदुपारी त्या घरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. आणि डॉक्टरांचं खरं झालं. मामा मेल्यासारखे झोपू लागले, अंग धरलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली. सगळे म्हणाले, बरं झालं.

बरं झालंच. पण मामा सकाळी घरी यायचे तेव्हा आत्या पाटी घेऊन निघालेली असे. ती परते तेव्हा ते काळोखात. ते उठून जेवतात न जेवतात तोच गड्यांना कामावर न्यायची लॉरी दाराशी. सुट्टीच्या रात्री ते टक्क जागे, तर ही दिवसभराच्या पायपिटीनं गाढ. आणि तेही तिला उठवत नसत. रीत ती रीत! मला त्या रीतीचा आजही राग येतो.

आत्या दाराबाहेर बसून सुकी मासळी निवडायची, नि मामांना काय काय सांगायचं ते मनात साठवायची. हळूहळू बाजारातही तिचा आवाज बसला. एक दिवस माझ्या आईला म्हणाली, "वयनी, जिचा नवरा लांब गेला तिला निदान तो कदी येल ते तरी ठावं असतं. माजा घरात हाय, आन् मला त्याची आठवण येते."

नारळी पुनवेला आमच्याकडे नवरा-बायको एकाच नारळाला हात लावून तो पाण्यात सोडतात. मामा आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, "उद्या जाऊ." सकाळी आले ते पुरते थकून. "जरा पडतो," म्हणाले आणि आत गेले.

आत्यानं लुगडं बदललं, केसांत अबोली माळली आणि नारळ मांडीवर घेऊन दाराबाहेर बसली. पुनवेची भरती दुपारची. वाजतगाजत मिरवणूक निघाली. माझे वडील तिच्यापाशी थांबले. "उठव त्याला, पानी भरलं."

"त्यांना पानी उठवंल."

"अगं, त्याला आता पानी कुठं उठवतं? लॉरी उठवते!" वडील चिडून पुढे गेले. आत्या बसून राहिली.

आत काय झालं ते पुढे कितीतरी वर्षांनी मामांनीच मला सांगितलं. पहिल्या ढोलालाच त्यांना जाग आली होती. ते तिच्या हाकेची वाट बघत राहिले. वाटलं, आज तरी बोलवेल. ढोलाच्या दणक्यात दाराबाहेरचं बोलणं त्यांना ऐकू आलं नाही, आणि मिरवणूक पुढे गेल्यावर बाहेर चिडीचूप. मग ते धरून चालले की ही कंटाळून भावाबरोबर गेली. "मंग कुनासाठी उठू?" मला म्हणाले, "तिनं केलेल्या काळोखात पडून राहिलो."

एका दाराच्या दोन बाजूंना दोघं जागी. मिरवणूक परत आली, उन्हं कलली, पाणी लांब ओसरलं, तेव्हा कुठं मामांनी दार उघडलं.

"तू गेली नाय?"

"तुमी निजला व्हता."

"मी जागाच व्हतो."

मामा तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले. "आता बोल," ते म्हणाले. "काय बी बोल." महिनोन्महिने साठवलेलं, पण तिला त्यातलं एकही आठवेना. ती रडू लागली. ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग लॉरीचा भोंगा वाजला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी आत्या बाजाराला गेली नाही. मामा आले, हातपाय धुऊन आडवे झाले. तिनं दार लावलं, पण या वेळी स्वतः आत राहून. झोप तिला येणार नव्हती. ती त्या काळोखात त्यांच्या शेजारी पडली, आणि ते गाढ झोपल्यावर अगदी हळू आवाजात एकेक सांगत गेली.

"त्यांना ऐकू गेलं का गं?" मी तिला विचारलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "पन त्यांचा श्वास मी ऐकला. किती दिसांनी."