बैठकीची खोली

मी सांगलीहून इंदूरला आले ती कॉलेजातल्या नोकरीसाठी, आणि शाळेच्या कार्यकारिणीवर गेले ती निव्वळ तोंडाळपणामुळे. मुलाच्या शाळेत पालकसभा होती. पिण्याच्या पाण्याच्या नळांवरून मी जरा चढ्या आवाजात बोलले. आमच्याकडे असं बोललं की लोक माणसाला गप्प बसवतात. इथं अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतकं बढिया बोलून राहिलात, तर मग आत येऊनच बोला ना." पुढच्या महिन्यापासून मी पालक प्रतिनिधी झाले.

शाळा जुनी, मराठी मंडळींनी काढलेली. आता वर्गात मराठी मुलं थोडीच आहेत, पण शाळा चालवणारी घरं तीच. पणजोबा दरबारी दफ्तरात, आजोबा शिक्षक, आताचे बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बैठक. तळमजल्यावरची सगळ्यात मोठी खोली त्यासाठी राखून ठेवलेली होती. लांबलचक टेबल, गादीच्या खुर्च्या आणि भिंतीवर ओळीनं संस्थापकांचे फोटो. बाकी महिनाभर खोलीला कुलूप.

बैठकीत आधी पोहे, मग कामकाज. पोह्यांवर शेव आणि जिरावणाचा मसाला हवाच, आणि पोहे संपेपर्यंत शाळेचा विषय काढायचा नाही. मी पहिल्याच बैठकीत घास तोंडात असताना नळांचं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सचिवांनी माझ्या बशीत आणखी थोडी शेव घातली. त्यानंतर मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, कुणीतरी सूचक व्हायचं, कुणीतरी अनुमोदक, आणि सगळं एकमतानं मंजूर. मतदान झाल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. मला वाटलं, काय गुण्यागोविंदानं राहतात ही माणसं!

मार्चमधल्या बैठकीला एक आई अर्ज घेऊन आली होती. तिची मुलगी आठवीत होती आणि कुबड्या घेऊन चालायची. आठवीपर्यंतचे वर्ग खाली होते, मधल्या मजल्यावर ऑफिस आणि प्रयोगशाळा. नववी आणि दहावी दुसऱ्या मजल्यावर, कारण शाळा हायस्कूल झाली तेव्हा तो मजला चढवला होता. एप्रिलपासून मुलगी नववीत जाणार. नववीचा वर्ग खाली आणता येईल का, एवढंच त्या आईचं म्हणणं होतं.

सगळ्यांनी फार प्रेमानं ऐकून घेतलं. तिला पोहे दिले. ती याच शाळेत शिकलेली, त्यामुळे सचिवांनी तिच्या वडिलांची चौकशी केली. मग अध्यक्ष म्हणाले, "असं करू, ह्यावर एक उपसमिती बसवून देऊ. तसल्लीनं बघतील सगळं." उपसमितीत माझं नाव घातलं, आणि एका निवृत्त ओव्हरसियर काकांचं. आई हात जोडून बाहेर गेली.

बैठक संपल्यावर ती मला फाटकाशी दिसली. मी आनंदानं म्हटलं, "झालं की तुमचं काम."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही नवीन आहात ना, ताई?"

"हो. का?"

"उपसमिती बसवली मतलब नाही म्हणाले ते." तिच्या आवाजात राग नव्हता, हवामान सांगावं तसं तिनं सांगितलं. "इथं तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. अर्धे मेंबर एकमेकांचे व्याही आहेत. नाही म्हटलं तर गोष्ट किचनपर्यंत जाते. म्हणून उपसमिती. मी आता टीसीचं बघते. बायपासकडे एक स्कूल आहे, लिफ्टवालं."

"मग ते बरंच आहे की," मी म्हटलं.

"आहे ना. पण तिथं ती कुबड्यावाली मुलगी होईल. इथं ती केजीपासून आहे. तिच्या कुबड्या इथं कोणाला दिसतच नाहीत." तिनं मैदानाकडे हात केला. तिथं चिंचेच्या झाडाखाली चार-पाच मुली जमल्या होत्या. रविवारी त्यांचा नाचाचा सराव असायचा. एक मुलगी पारावर बसून हुकूम सोडत होती, "अजून वर, अरे अजून वर," आणि दुसरी तिच्याच कुबडीनं चिंचा पाडत होती.

मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि आला की काहीतरी केल्याशिवाय जात नाही. सुदामा नगरला घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवरून मनातल्या मनात सगळ्या कार्यकारिणीला फैलावर घेतलं. मग जेवताना एक साधी गोष्ट लक्षात आली. उपसमिती बसवली आहे. बसवली आहे तर बसूया की! मला नाही म्हणायची ही रीत ठाऊक नव्हती, असं समजायला काय हरकत आहे? मी बाहेरची. बाहेरच्या माणसाला थोडा अडाणीपणा माफ असतो, आणि तो मी त्या दिवसापासून मनसोक्त वापरला.

मी ओव्हरसियर काकांना फोन लावला. "काका, उपसमितीची बैठक कधी घ्यायची?"

त्यांनी पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ते म्हणाले, "कशाची बैठक?"

त्यांची हकीकत ऐकून मला हसावं की रडावं कळेना. काका आजवर संस्थेच्या प्रत्येक उपसमितीवर होते. पाण्याच्या टाकीची उपसमिती, गणवेशाच्या रंगाची, वाचनालयाची. स्वभावानं शांत, कुणाशी वाकडं नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्यांचंच नाव. आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी, कधीही, कुठल्याही उपसमितीच्या बैठकीला बोलावलं नव्हतं.

"येतो ना," ते म्हणाले. "हौ, बिलकुल येतो. टेप आणू का?"

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. खिशात मोजायची टेप, मानेला पावडर. आम्ही तळमजल्यावरची एकेक खोली मोजली. गोष्ट अशी होती की नववीत बाहेरच्या शाळांतून मुलं येतात आणि वर्ग एकदम फुगतो. बेटम्याच्या बाजूच्या गावांतूनही बस भरून मुलं येतात. खालच्या खोल्या लहान, त्यात एवढी मुलं मावत नव्हती. सातवी वर पाठवून पाहा, पाचवी-सहावी एकत्र करून पाहा, आम्ही सगळं करून पाहिलं. काका टेप ओढायचे, मी दुसरं टोक धरायची, आणि दर वेळी दोन-तीन बाकं दाराबाहेर राहायची.

शेवटी व्हरांड्याच्या टोकाला आलो. बैठकीच्या खोलीला कुलूप होतं. आम्ही दोघं त्या कुलपाकडे बघत उभे राहिलो.

"ही मोजायची गरज नाही," काका हळूच म्हणाले. "ह्यात नववी आरामात बसते. पण मॅडम, हे सांगणार कोण?"

"उपसमिती," मी म्हटलं.

एप्रिलची बैठक लवकरच आली. मुलीच्या आईनं तोवर त्या दुसऱ्या शाळेत नाव घालून ठेवलं होतं. मी तिला एवढंच विनवलं होतं, की हा रविवार जाऊ द्या, मग दाखला काढा. ती बिचारी माझं मन मोडायला नको म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं.

पोहे झाले. इतिवृत्त कायम झालं. सचिवांच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि त्यात त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. उपसमितीचा अहवाल नावाचा विषय त्या पत्रिकेत कधी आलाच नव्हता. मी हात वर केला.

"उपसमितीचा अहवाल तयार आहे."

कोषाध्यक्षांचा चहाचा कप वाटेत थांबला. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं, आणि काकांनी मान ताठ केली. मी दोन मिनिटांत सांगितलं: खालच्या खोल्या मोजल्या, कुठल्याच पुरत नाहीत, ही खोली पुरते. प्रयोगशाळेचं सामान आठवड्यातून एकदा खाली आणता येईल, विज्ञानाच्या बाईंची तयारी आहे. बैठक वरच्या मजल्यावर घेता येईल. आपण महिन्यातून एकदा येतो, मुलगी रोज येते.

सगळे आपापल्या कपात बघू लागले. त्यांच्यापैकी एकही माणूस वाईट नव्हता, हे मला त्या क्षणीसुद्धा स्वच्छ दिसत होतं. त्यांच्याकडे नाही म्हणायचं एकच हत्यार होतं, आणि ते मागच्या महिन्यात वापरून झालं होतं. सचिवांनी तरी ते पुन्हा उचललं. "अहवाल फारच छान आहे. ह्याच्यावर विचार करायला आपण एक उपसमिती..."

"बसवा," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांचा आवाज त्या खोलीत बहुतेक पहिल्यांदाच ऐकू आला असावा. "माझं नाव घाला. मी फ्री आहे. उद्याच बसू आणि परवा तुम्हाला सांगू."

आधी कोषाध्यक्ष हसले, मग हळूहळू सगळेच. फक्त अध्यक्ष हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत होते. फोटोंच्या ओळीत तिसरा फोटो त्यांच्या वडिलांचा होता. तो फोटो याच भिंतीवर लागला तेव्हा ते शाळकरी होते, असं ते मला एकदा म्हणाले होते.

"फोटो कुठं न्याल?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, इथंच घोडं पेंड खाणार. या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. जे सुचलं ते बोलले. "कशाला न्यायचे? इथंच राहू द्या. शाळा त्यांनी मुलांसाठीच काढली होती ना."

अध्यक्षांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाबांना हे टेबल कधी पसंत नव्हतं. म्हणायचे, शाळेत एवढं मोठं टेबल कशाला पाहिजे." त्यांनी सचिवांकडे पाहिलं. "लिहून घ्या. सूचक मी."

अनुमोदक काका झाले. ठराव एकमतानं मंजूर झाला. मी व्हरांड्यात जाऊन त्या आईला फोन केला. तिनं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिनं विचारलं, "उपसमिती नाही ना बसवली?" मी नाही म्हटल्यावर ती रडायला लागली, आणि मग मीही.

दहा-बारा दिवसांत टेबल हललं, बाकं आली, फळा लागला. कारखान्यातून आलेल्या नव्या बाकांपैकी एकाची कड काकांनी सुताराकडून कापून घेतली, दाराजवळच्या पहिल्या बाकाची. त्या खाचेत कुबड्या उभ्या राहतात, पडत नाहीत.

पुढच्या महिन्यात आमची बैठक दुसऱ्या मजल्यावर भरली. खरं म्हणजे भरता भरेना. कार्यकारिणीचं सरासरी वय बघता हे आधीच सुचायला हवं होतं. कोषाध्यक्ष पहिल्या वळणावर टेकले. सचिवांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. अध्यक्षांचे गुडघे आधीच बोलत होते, ते मधल्या पायरीवर चक्क बसले आणि वर बघून म्हणाले, "बाप रे. आणि आपण त्या पोरीला म्हणून राहिलो होतो, तसल्लीनं बघू." पोहे वर पोचेपर्यंत गार झाले होते. पहिल्यांदाच मी त्या मंडळींना चिडचिड करताना पाहिलं, आणि कामकाज कधी नव्हे ते झटपट उरकलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची बैठक अध्यक्षांनी स्वतःच खाली घेतली. रविवारी वर्ग रिकामाच असतो, मुलांच्याच बाकांवर बसू, म्हणाले. फळ्यावर शनिवारचं गणित अर्धं सोडवलेलं होतं आणि ते पुसायचं नाही असं कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं होतं. कोषाध्यक्ष बाकात शिरताना अडकले. सगळ्यांनी पोह्यांच्या बशा मांडीवर घेतल्या. भिंतीवर फोटो जिथल्या तिथं होते. मला ती माणसं इतकी आवडली त्या सकाळी, की नळांचा विषय मी पुढच्या महिन्यावर ढकलला.

सचिव उशिरा आले. घाम पुसत आत शिरले आणि दाराजवळचं पहिलं बाक रिकामं बघून तिथं टेकू लागले.

"तिथं नको," अध्यक्ष म्हणाले.

सचिव अर्धे वाकलेले तसेच थांबले. "का? रिकामं तर आहे."

"रिकामं नाही. तिची जागा आहे ती."

सचिवांनी बाकाच्या कडेच्या खाचेकडे पाहिलं. मग आपली पिशवी उचलली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. काकांनी त्यांच्यासाठी पोह्यांची बशी मागे सरकवली, आणि आम्ही कामाला लागलो.