व्हिसासाठी आवरलेलं घर

माझा नवरा परदेशी. त्याचा व्हिसा वाढवायचा, तर तो खरंच आमच्या बोरीवलीच्या घरी राहतो का, हे बघायला पोलीस येणार होते. माझ्या आईला घरी कोणीतरी येणार, एवढंच कारण पुरतं. सकाळपासून तिने आवरायला घेतलं. गॅलरीत वाळत घातलेल्या त्याच्या चड्ड्या, दारातले होडीएवढे बूट, सोफ्यावरचा ओला टॉवेल, सगळं तिने पलंगाच्या पेटीत कोंबलं. वर दूध आणि भाजी आणायला त्यालाच खाली पिटाळलं.

हवालदार आले. त्यांनी घरभर नजर फिरवली. "मॅडम, मिस्टरांचं इथे काहीच दिसत नाही."

वाट लागली! मी आईकडे रागाने बघितलं. ती चकाचक सोफ्याकडे कौतुकाने बघत होती.

तेवढ्यात दार उघडलं. नवऱ्याने हवालदारांकडे न बघताच पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि तो तणतणला, "आई, त्या भाजीवाल्याकडे परत जायचं नाही. एवढी भाजी घेतली, पण कोथिंबीर फुकट दिली नाही त्याने!"

हवालदारांनी खिशातून पेन काढलं.

"राहतात," ते म्हणाले. "इथेच राहतात."